दुसरी घंटी

जागृती : तांदळात पाह्यलं का?

अनुप : तांदळात पाह्यलं, तुरीच्या डाळीत पाह्यलं, मिरचीच्या डब्यात पाह्यलं न त्याच हातानं डोळा चोळला. मोरीत जाऊन तोंड धुतलं तरी आग जात नाई. आता मले एकाच डोळ्यानं दिसून राह्यलं.

जागृती : मंग त्या एका डोळ्यानं घड्याळ पाहा. साडेतीन होऊन गेले. साडेचारले मले डेपोत हजर व्हाचं आहे.

अनुप : बिल्ल्याशिवाय एक दिवस नाई का जमत?

जागृती : कंडक्टर आहो मी. छातीवर बिल्ला नाई तं मी त्या गाडीत कोन? पॅसेंजर. तुमी जसे पेट्रोल न पाह्यता गाडी काढता न आर्वी नाक्यावर ढकलत बसता, तशी नाई निघत यष्टी.

अनुप : माया पेट्रोलचा इथं काय संबंध? लपवला तिनं, तिलेच विचार ना. थे पाह्य, दिवानावर तीन उशा मांडून गाडी केली आहे न पुढं बसली आहे.

गुंजन : गाडी भरली आहे. मागच्या गाडीनं या.

अनुप : गुंजन, बेटा, तू साडेचार वर्षाची झाली ना? मोठी झाली ना आता?

गुंजन : पप्पा, दारात नोको उभा राहू. आत सरक.

जागृती : बाजूले व्हा, मी विचारते. गुंजन, मम्मीचा बिल्ला तू घेतला का?

गुंजन : हाव.

जागृती : शाब्बास, खरं बोलली. कुठी ठेवला?

गुंजन : जागेवर.

जागृती : कोनत्या जागेवर?

गुंजन : तूच म्हनते ना, वस्तू जागेवर ठेवाची. मंग जागेवर ठेवला.

अनुप : घे. तुयाच शिकवनीचं फळ.

जागृती : तुमी मधात नोका बोलू. गुंजन, मम्मीले उशीर होऊन राह्यला. सांग लवकर.

गुंजन : कूलरमध्ये.

जागृती : अवो, कूलरमध्ये पाहा.

अनुप : त्या कूलरमध्ये उन्हाळ्यापासून पानी आहे. त्यात हात घालाचा म्हंजे... बरं, घालतो. घालतो ना, पाह्यते काऊन तशी? हे शेवाळ. हा एक चमचा. हे काय आहे? अरे, हा तं माया पेन ड्राइव्ह आहे. मंगळवारपासून दुकानात सांगून राह्यलो लोकाईले का सर्व्हर डाऊन आहे म्हनून. बिचारे चार-चार चकरा मारून गेले.

गुंजन : तो पेन ड्राइव्ह नाई. तो मासा आहे.

अनुप : मासा आहे हा?

गुंजन : पप्पा, त्याले बाहेर नोको ठेवू. मरते तो.

जागृती : बिल्ला आहे का त्यात?

अनुप : बिल्ला नाई. मासाच आहे.

जागृती : गुंजन, कूलरमध्ये नाई म्हनते पप्पा.

गुंजन : मंग शेजारच्या वासुदेवराव आजोबाच्या बकरीनं खाल्ला.

जागृती : अवो, कुठी चालले?

अनुप : बकरी पाहाले.

जागृती : काय पाहान बकरीत? तोंड उघडान काय तिचं?

अनुप : विचारून तं येतो. गेल्या वर्षी तिनं माया आधार कार्डाचा अर्धा फोटो खाल्लता. तिचा काही भरोसा नाई.

जागृती : हे पाह्य, आता पप्पा नाई आहे. आपण दोघीच आहो. मी तीन म्हनीन, तवरिक सांगाचं. एक. दोन.

गुंजन : तीन, चार, पाच. मले वीसवरी येतात मम्मी. फक्त मधातली सतरा येत नाई.

जागृती : मी रागावली आहे, गुंजन.

गुंजन : मले माहीत आहे. तुयं नाक मोठं झालं.

जागृती : नाकाचं राहू दे. तुले काय पाह्यजे थे सांग. मोबाईल पाह्यजे? घे, दोन कार्टून पाह्य. मी स्वतः लावून देते.

गुंजन : दिवसातून एकच पाहाचं. दुसऱ्यानं डोळे खराब होतात. तूच म्हनते.

जागृती : मायंच सगळं म्हनलेलं मायाच अंगावर येऊन राह्यलं आज. थांब, फोन आला. हालो, जय भीम चंद्रभानभाऊ. हाव, निघतेच आहो. नाई जी, तब्येत बरी आहे. घरी चेकिंग लागली आहे. नाई, डेपोची नाई, घरची. साडेचार वर्षाची चेकर आहे न थे काई केल्या सोडून नाई राह्यली. हसू नोका भाऊ, मले रडू येऊन राह्यलं. गाडी लावून ठेवा तुमी फलाटाले, बाया उभ्या राह्यल्या ताटकळत. येते मी. येतेच.

गुंजन : चंद्रभानमामा होता का?

जागृती : हाव. गाडी घेऊन वाट पाह्यते तो.

गुंजन : त्याले घंटी कोन देते?

जागृती : मीच देते ना. मी नाई गेली तं तो गाडी हलवतच नाई. कंडक्टरच्या घंटीशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाई, सांगतलं होतं ना तुले.

गुंजन : एक म्हंजे थांब. दोन म्हंजे चल.

जागृती : हाव, माये. सगळं येते तुले. फक्त बिल्ला कुठी ठेवला थे येत नाई.

अनुप : आलो. बकरीनं नाई खाल्ला.

जागृती : बकरीनं सांगतलं?

अनुप : वासुदेवरावनं सांगतलं. दुपारचे झोपले होते, उठून बाहेर आले. म्हने, बकरी सकाळपासून बांधलेली आहे, पन मास्तर मानूस आहो म्हनून बोलत नव्हतो, आज आले तं बोलतो. तुमची पोट्टी खिडकीतली घंटी वाजवते न आमची दुपार बरबाद होते. थे दोरी वर बांधा म्हने, तिचा हात पोचला नाई पाह्यजे.

जागृती : आता थे घंटीचं काढलं त्याईनं?

अनुप : मी म्हनलं बांधतो. काय म्हनू मंग? गेल्तो बकरीवर आरोप कराले, आलो माफी मागून.

गुंजन : दोरी वर नाई बांधाची.

अनुप : नाई बांधत. आधी बिल्ला सांग, मंग नाई बांधत.

गुंजन : तुया बुटात.

अनुप : हे पाह्य, आता मी नाई जात. दोनदा फसलो. जागृती, तूच पाह्य बुटात.

जागृती : मी युनिफॉर्म घातला आहे. तुमी पाहा.

अनुप : पाह्यतो. म्हंजे शेवटी मीच. नाई बुटात. मोजा आहे एक. दुसरा मोजा कुठी आहे, गुंजन? जाऊ दे, नोको सांगू.

जागृती : अवो, इकडं या जरा. हळू बोला. काय कराचं आता?

अनुप : शोभाबाईले फोन लाव. तिची ड्युटी आहे तं थेच जाईन.

जागृती : शोभाबाई सकाळीच सेलूले गेल्या. त्याईच्या पोरीचे दिवस भरले, केवाही होईन. न तुमी विसरले काय? गुंजनले ताप आलता तवा सहा दिवस मायी ड्युटी कोनं केली? त्याईनं. एक शब्द नाई काढला तोंडातून. आज पह्यल्यांदा मले म्हनल्या, जागृती, मायी एक पाळी तू करून देजो वं. मी नाई म्हनू?

अनुप : नाई म्हन असं म्हनलं काय म्या?

जागृती : शेवटची गाडी आहे थे त्या गावाची. कॉलेजच्या पोरी राह्यतात, बाजारातल्या बाया राह्यतात. थे नाई निघाली तं कुठी जाईन त्या?

अनुप : मंग गुंजनले घेऊन जाय गाडीत. फिरून येईन.

जागृती : घेऊन जाय म्हनता. रात्री ग्रामपंचायतच्या खोलीत झोपाचं आहे, एक बाज न एक बल्ब. सकाळी अंधारातच पह्यली फेरी. साध्या ड्युटीले नेली असती एखाद्या वेळेस, पन अशा ड्युटीले कसं नेऊ? हे तं...

अनुप : श्श. तो शब्द नोको तिच्यापुढं.

जागृती : कोनता शब्द?

अनुप : थोच. म वाला.

गुंजन : मुक्काम.

अनुप : घे.

जागृती : गुंजन, हे तुले कोनं सांगतलं?

गुंजन : कोनंच नाई.

जागृती : तुमी बोलले काय जी तिच्याजवळ?

अनुप : म्या? आपलं ठरलं होतं ना, तिले काहीच नाई सांगाचं. संध्याकाळी येते म्हनाचं, जेवू घालाचं, झोपवाचं, न डोळे उघडन तवा तू समोर. मी तं दुपारीच सांगून मोकळा झालो का मम्मी आठ वाजता येते, येताना केळं आनते.

गुंजन : पप्पा खोटं बोलला.

अनुप : खोटं नाई बेटा. थे जरा...

गुंजन : मम्मीचा ब्रश नाई मोरीत.

जागृती : काय?

गुंजन : तुया ब्रश नाई. तू पिशवीत टाकला.

अनुप : ब्रश?

गुंजन : तू डबा रोज नेते. बाटली रोज नेते. ब्रश रोज नाई नेत. मामाच्या गावाले गेल्तो तवा ब्रश नेल्ते आपण. मंग लय दिवस घरी नाई आलो. चंद्रभानमामा मुक्कामाले जाते तवा त्याच्याही पिशवीत ब्रश राह्यते, मी पाह्यला स्टँडवर.

अनुप : मी दोन डोळ्याचा मानूस. मले नाई दिसलं हे.

जागृती : चादर मी कपाटामागून काढली, का इले दिसू नोये. साडी डब्याखाली दाबली. पावलं न वाजवता फिरली घरात दिवसभर. न ब्रश...

अनुप : आता रडू नोको तू. तू रडली तं मी काय करू? मले दोघी नाई सांभाळता येत.

जागृती : मी रडून नाई राह्यली. गुंजन, इकडं ये. मायापाशी बस.

गुंजन : तू गाडीत ये.

जागृती : बरं, मी गाडीत येते. सरकव थे उशी. हं. ऐक, मम्मी चुकली. मुक्काम आहे आज माया. मी तुले नाई सांगतलं, काऊन का मले वाटलं तू रडशीन.

गुंजन : मी तं रडलीच नाई.

जागृती : हाव. नाई रडली.

गुंजन : तू न सांगता जानार होती.

जागृती : सांगताच येत नव्हतं मले. पह्यल्यांदाच आहे ना. तू झाली तवापासून एक रात्र मी तुले सोडून झोपली नाई. मलेच भेव वाटून राह्यलं होतं, तं तुले कसं सांगू?

गुंजन : मंग नोको जाऊ.

जागृती : जा लागते.

गुंजन : काऊन?

जागृती : काऊन का त्या गाडीत बाया राह्यतात. दिवसभर कामाले, बाजाराले आलेल्या. त्याईच्या पोरी तिकडं दारात बसल्या आहेत, का मम्मी कवा येते.

गुंजन : त्याईले सांग पायी या.

जागृती : लय दूर आहे. रात होते चालता चालता.

अनुप : मधात नाला आहे मोठा.

जागृती : तुमी नाला नोका आनू. गुंजन, हे पाह्य. त्या बायाईचे ब्रश कुठी आहेत?

गुंजन : पिशवीत?

जागृती : नाई. त्याईचे ब्रश घरी आहेत. सकाळी घासले न तिथंच ठेवून आल्या. म्हंजे त्याईले आज घरी जाचं आहे का नाई?

गुंजन : जाचं आहे.

जागृती : न गाडी नाई गेली तं?

गुंजन : ब्रश तिकडं न त्या इकडं.

जागृती : हं.

गुंजन : किती मम्म्या आहेत?

जागृती : राह्यतात पंधरा-वीस.

गुंजन : वीसवरी मले येतात.

जागृती : हाव, सतरावी सोडून.

अनुप : जागृती, चार वाजले. मी काई म्हनत नाई, फक्त सांगतो.

गुंजन : मम्मी.

जागृती : काय वं?

गुंजन : तुया ब्रश दे.

जागृती : कायले?

गुंजन : घरी ठेवाचा. त्या मम्म्याईसारखा.

जागृती : न मी सकाळी दात कायनं घासू?

गुंजन : घरी येऊन घास.

अनुप : दे ना तिले. कडूनिंबाची काडी तोड तिकडं. गावात एक झाड नसन काय? आमची बुडी अजूनही काडीनंच घासते, न दात पाह्य तिचे, ऊस सोलते.

जागृती : मले कंडक्टरच्या ड्रेसवर कडूनिंब चावाले लावता का तुमी दोघं? बरं. घे. हा घे ब्रश. खुश?

गुंजन : थांब, पाहू दे. हाव, हा तुयाच आहे. हिरवा.

जागृती : जाय, जागेवर ठेवून ये आता.

गुंजन : जागेवर बिल्ला आहे.

जागृती : काय म्हनली?

गुंजन : ब्रशाच्या जागेवर बिल्ला ठेवला. जागा खाली होती ना.

अनुप : मोरीतल्या गिलासात? अरे देवा, तोंड धुतलं मी तिथं. मिरचीचं. थांब, आनतो. हाव, आहे. उभा आहे, पेस्टच्या बाजूले, माया न तिच्या ब्रशाच्या मधात. नंबरासकट मायाकडं पाहून राह्यलता न मी डाळी चाळून राह्यलो.

जागृती : आना इकडं. पुसा तं आधी. पेस्ट लागली आहे.

गुंजन : पप्पा, मम्मीचा ब्रश ठेव तिथं. मधातच ठेवजो.

अनुप : मधातच ठेवला, माय. 

जागृती : चला, लागला बिल्ला. सरळ आहे का? भाजी झाकून ठेवली आहे, तिले वरनभात कालवून द्याचा, तिखट नोका देऊ. झोपताना थे निळी चादरच पाह्यजे तिले, दुसरी दिली तं उठून बसते. दूध संपलं आहे, आनून ठेवा. न फोन करजा.

अनुप : तूच करजो. मी गुंतलेला राहीन.

जागृती : गुंजन, चालली मी. घंटी दे.

गुंजन : देऊ?

जागृती : रोज तूच देते ना. तू दोन घंट्या दिल्याशिवाय मी पायरी उतरते काय कधी? दे.

(खिडकीतली घंटी एकदा वाजते.)

जागृती : अजून एक दे.

गुंजन : एकच.

जागृती : एका घंटीवर गाडी थांबते, बेटा. तुले माहीत आहे ना.

गुंजन : माहीत आहे.

अनुप : मी देऊ का दुसरी? घाई आहे म्हनून...

जागृती : नोका. हात नोका लावू तिच्या दोरीले. गुंजन, मंग मी जाऊ कशी?

गुंजन : तू पायी जाय. डेपो जवळ आहे.

जागृती : न दुसरी घंटी?

गुंजन : तू आल्यावर.

जागृती : बरं. पायी जाते. दे एक पापा. अजून एक. अवो, ऐका.

अनुप : ऐकून राह्यलो.

जागृती : वासुदेवरावले काय सांगाचं थे सांगा. दोरी वर नोका बांधू. मी सकाळी आल्यावर तिचा हात पोचला पाह्यजे.

अनुप : नाई बांधत. जाय तू. मागं नोको पाहू, नाई तं मीच रडीन.

गुंजन : पप्पा, गेली का?

अनुप : कोपऱ्यावर आहे. तिनं मागं पाह्यलं. आता वळली. गेली.

गुंजन : बरं.

अनुप : तू चांगली आहे ना? रडाचं असन तं रड थोडं. कोनी काई म्हनत नाई.

गुंजन : नाई.

अनुप : मंग मी पटकन दूध आनतो. तू वासुदेवराव आजोबाच्या ओट्यावर बकरीपाशी बस दोन मिनिटं.

गुंजन : नाई जाचं.

अनुप : दूध आनाचं आहे, बेटा.

गुंजन : एक घंटी झाली आहे. दुसरी होईवरी कोनीच नाई उतराचं.

अनुप : सकाळवरी?

गुंजन : हाव.

अनुप : चहा तं करू दे मले. दोन घोट.

गुंजन : दूध नाई आहे.

अनुप : हाव, थेही खरं आहे. बसतो मंग. कुठी बसू?

गुंजन : इथं, खिडकीपाशी. थे मम्मीची उशी आहे, तिच्यावर नोको बसू.

अनुप : बसलो.

गुंजन : झोप आली तं झोप तू. सकाळ आली का मी उठवीन तुले.